एकोणीस आणि वीस

आम्ही वेदीजवळून उपदेश करीत असताना कोणी खोकू लागले, तर आमचे चित्त विचलित होते. हा आमचा जुना दोष होय. आणि पुढील सर्व हकीकत त्या दोषातूनच निघाली असल्यामुळे तो आरंभीच कबूल करून टाकणे बरे.

२०१४ साली आम्ही खानापूर तालुक्यातील एका लहानशा धर्मग्रामात रुजू झालो. तेथे डावीकडील तिसऱ्या बाकावर एक गृहस्थ नेमाने बसत. वय पन्नाशीच्या अलीकडचे, मिशा पांढऱ्या, पाठ ताठ, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. सारा गाव त्यांना हवालदारमामा म्हणे, म्हणून आम्हीही मामाच म्हणू लागलो. त्यांचा खोकला एकदा सुरू झाला म्हणजे दोन-तीन मिनिटे थांबत नसे, आणि तो नेमका आमच्या उपदेशाच्या मधोमध सुरू होतो असा आमचा ग्रह झाला होता. २०१५ च्या प्रायश्चित्तकाळात एका रविवारी, मिस्सा आटोपल्यावर, आम्ही त्यांना सौम्य शब्दांत म्हणालो, "मामा, तुम्ही दारापाशी बसलात तर तुम्हालाही मोकळी हवा मिळेल." तो 'तुम्हालाही' आम्ही किती हुशारीने घातला होता, हे आज आठवले म्हणजे लाज वाटते. मामा म्हणाले, "जी, फादर." पुढच्या रविवारपासून ते दारापाशी बसू लागले.

ईस्टरनंतर घरांना आशीर्वाद देण्यासाठी आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या ओसरीला पाच पायऱ्या आहेत. आम्हाला पाहून मामा अंगणातून लगबगीने वर येऊ लागले आणि तिसऱ्या पायरीवर थांबले. तेथे अबोलीची कुंडी होती. तिची वाळकी पाने ते खुडू लागले. पाने फारशी वाळलेली नव्हती. श्वास परत येईपर्यंत हातांना काहीतरी निमित्त हवे होते, एवढेच. त्यांच्या पत्नी दारात उभ्या होत्या. त्या आमच्याकडे न पाहता म्हणाल्या, "फादर, यांना दारात बसवलंत. बसवा. पण हा खोकला ह्या घरचा नव्हे. बर्फातनं आणलेला आहे."

मग त्यांनी पत्र्याची ट्रंक उघडून एक कागद आमच्या हाती दिला. मामा २०१० साली चोवीस वर्षांची नोकरी पुरी करून सुटले, त्या वेळच्या वैद्यकीय मंडळाचा तो अभिप्राय होता. आजाराचे नाव जुनाट श्वासनलिकादाह. त्यापुढे दोन नोंदी होत्या. पहिली, अपंगत्व पंधरा ते एकोणीस टक्के, आजन्म. दुसरी, हा आजार सैनिकी सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही.

बेळगावात १९२२ पासून मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असल्यामुळे आमच्या भागात फौजेतून आलेला माणूस नाही असे गाव विरळाच. तरीही ज्या वाचकांना या गोष्टी अपरिचित आहेत त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. सैनिकाचे नेहमीचे निवृत्तिवेतन वेगळे आणि अपंगत्वासाठी त्यावर मिळणारा अंश वेगळा. मामांसारख्या, मुदत पुरी करून निवृत्त झालेल्या सैनिकाला हा अंश मिळण्यास दोन अटी असत. आजार सेवेमुळे झालेला किंवा निदान सेवेमुळे बळावलेला असावा, ही एक; आणि अपंगत्व वीस टक्क्यांहून कमी नसावे, ही दुसरी. वीसच्या पुढे गेले की आणखी एक गंमत होती. १९९६ पासून लागू झालेल्या नियमाने पन्नासांच्या आतले अपंगत्व पन्नास धरले जाई, पन्नास ते पंचाहत्तरपर्यंतचे पंचाहत्तर, आणि त्याहून अधिक असेल ते शंभर. ही सवलत आरंभी आजारापायी मुदतीआधी घरी पाठविलेल्यांनाच मिळे. परंतु १० डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार यांच्या खटल्यात ती मुदत पुरी केलेल्यांनाही लागू असल्याचा निर्णय दिला. क्षुल्लक अंतराला आपण उन्नीस-बीसचा फरक म्हणतो. येथे एकोणीस म्हणजे शून्य होते आणि वीस म्हणजे पन्नास! (२१ सप्टेंबर २०२३ नंतर सेवा सोडणाऱ्यांसाठी नवे नियम आले आहेत, हे जुन्या नियमांविषयी आहे.)

मामा १९८६ साली, एकोणिसाव्या वर्षी, पायदळात भरती झाले. पुढे द्रास भागात दोन हिवाळे आणि २००१-०२ मध्ये सियाचेनवरील एका चौकीवर काही महिने त्यांनी काढले. तेथील थंडीविषयी सर्वांनी ऐकलेले असते. परंतु मामा थंडीविषयी फारसे बोलत नसत. ते बोलत बुखारीविषयी. बुखारी म्हणजे केरोसीनवर जळणारी लोखंडी शेगडी. बंकरात सात-आठ माणसे, बाहेर वादळ, दार घट्ट लावलेले, आणि मध्ये ती बुखारी रात्रंदिवस धुमसत असलेली. धुराडे बर्फाने बुजले की धूर आतच फिरे. दार उघडावे तर थंडीने मरण, न उघडावे तर धुराने. "सकाळी थुंकलं की काळं, फादर," मामा म्हणाले. "नाकातनं काळं. बर्फावर पडलं की शाईसारखं दिसायचं. आम्ही हसायचो." अठरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्यावर आलेला असतो, तेथे मनुष्य आधीच धापा टाकीत जगतो, आणि प्रत्येक धापेबरोबर ती काजळी आत ओढतो. खाली उतरल्यावर खोकला राहून गेला. २००४ साली लष्करी रुग्णालयात आजाराला नाव मिळाले आणि मामांची वैद्यकीय श्रेणी खाली आणण्यात आली.

हे सारे ऐकून आमचा साहजिकच संताप झाला, आणि आम्ही विचारले, "मामा, एवढे सगळे असता एकोणीस टक्केच कसे लिहिले? मंडळाला तुम्ही सांगितले नाहीत?"

मामा कुंडीकडे पाहू लागले. उत्तर त्यांच्या पत्नीने दिले. "काय सांगणार? यांना बँकेत वॉचमन व्हायचं होतं."

हकीकत अशी होती की निवृत्त होताना एका बँकेत पहारेकऱ्याच्या जागेविषयी बोलणे चालले होते, आणि छातीचा रोगी म्हणून कागद झाला तर ती जागा हातची जाईल अशी मामांना धास्ती होती. मुलगी तेव्हा शाळेत होती. मंडळापुढे उभे राहून मामांनी टाच जोडली आणि 'कोई तकलीफ नहीं, साहब' म्हणून सांगितले. श्वास मोजण्याच्या नळीत फुंकायला लावले तेव्हा, हुकूम झाला म्हणजे जीव तोडून करायचे या सवयीने, होता नव्हता तो सारा श्वास त्यांनी ओतला. बँकेतील ती नोकरी आठ महिने टिकली. तिजोरी तळमजल्यावर आणि स्वच्छतागृह दुसऱ्या मजल्यावर होते.

तेव्हा अन्याय एकट्या मंडळाचा नव्हता, हे आमच्या ध्यानात आले. तरी दुसरी नोंद उरतेच. आपला त्रास मामांनी लपविला हे खरे. पण तो कोठून आला हे त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

आम्ही त्याच रात्री अपील लिहावयास बसलो. सेमिनरीत आमच्या इंग्रजीची बरीच वाखाणणी होत असे. आम्ही चार पानांचे निवेदन लिहिले. त्यात हिमालय होता, मातृभूमी होती, कृतज्ञ राष्ट्राचे कर्तव्य होते, आणि अखेरीस एका थकलेल्या वीराचा करुण श्वास होता. मामांना ते मराठीत समजावून सांगताना आमचाच कंठ दाटून आला. २०१६ साली उत्तर आले. ते अडीच ओळींचे होते. आजार शरीराच्या मूळ घडणीतला असून त्याचा सेवेशी संबंध नाही, अपील नामंजूर.

"घडणीतला म्हणजे काय, फादर?" मामांनी विचारले.

"म्हणजे तुमच्या देहाच्या मुळातच असलेला."

मामा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "शहाऐंशीला भरती करताना छाती मोजली. पाच सेंटिमीटर फुगवायला लावून मोजली. धाववलं. नागडं करून तपासलं. तेव्हा घडणीत काही दिसलं नाही त्यांना?"

आम्ही तेव्हा यास उत्तर दिले नाही. मामांचे समाधान करण्याचाच प्रयत्न केला. परंतु पुढे बेळगावच्या कॅम्पात राहणाऱ्या, लष्कराच्या कारकुनी शाखेतून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांकडे आम्ही कागद घेऊन गेलो, तेव्हा उलगडा झाला. मामांनी ओसरीवर बसून जे विचारले तेच सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सांगून ठेवले होते. भरतीच्या वेळी कागदावर एखाद्या रोगाची नोंद नसेल, तर मनुष्य निरोगी होता असेच धरले पाहिजे. मग तो रोग सेवेत असताना आढळला, तर तो सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर येतो, सैनिकावर नाही. मंडळाला तसे म्हणायचे असेल तर कारणे दिली पाहिजेत. आणि संशय उरला तर त्याचा फायदा सैनिकाला.

सुभेदारांनी आमचे चार पानी निवेदन चष्मा पुसून दोनदा वाचले. "फादर," ते म्हणाले, "इंग्रजी फार सुंदर आहे. पण यात तारीख एकही नाही."

आम्हाला आमच्या जन्मात मिळालेल्या समीक्षांपैकी ही सर्वांत खरी होय.

मग कामाला रीत आली. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज करून आम्ही मामांचे कागद मागविले. ते तुकड्यातुकड्यांनी सात महिने येत राहिले. भरतीच्या वेळचा तपासणीचा कागद आला; त्यात छातीपुढे सर्व काही ठीक असल्याची नोंद होती. कोणत्या वर्षी कोठे नेमणूक होती त्याची यादी आली. २००३ मध्ये खोकल्यासाठी तीनदा तपासणीला गेल्याच्या नोंदी आल्या आणि २००४ चा रुग्णालयाचा कागद आला. सुभेदारांनी ते सारे तारखांच्या क्रमाने लावले, आणि आमच्या हिमालयावर व मातृभूमीवर काट मारून दीड पानाचा मसुदा केला.

येथे मात्र एक अडचण उभी राहिली. तिचा विचार करताना आम्ही दोन रात्री नीट झोपलो नाही.

मामा विडी ओढीत असत. फौजेतच लागलेली सवय, रोजच्या चार-पाच. आजाराचे निदान झाले त्या २००४ साली त्यांनी ती सोडली. नियमांत तर असे स्पष्ट कलम होते की दारू, तंबाखू किंवा मादक पदार्थांच्या अतिरेकाने आलेल्या अपंगत्वाला भरपाई नाही, कारण ती गोष्ट मनुष्याच्या स्वतःच्या हातातली असते. २०१० च्या मंडळाच्या कागदात विडीचा उल्लेख नव्हता. सुभेदार म्हणाले, "त्यांनी विचारलं नाही, आपण सांगायचं नाही. यात खोटं काय आहे?"

खोटे बोलणे आणि न बोलणे यांतील भेदाविषयी सेमिनरीत आम्हाला बरेच शिकविले गेले होते. ज्याला विचारण्याचा अधिकार आहे त्याने विचारले असता लपविणे निराळे, आणि कोणी न विचारता आपण होऊन न सांगणे निराळे. हा भेद खरा आहे, आणि आम्ही तो आजही मानतो. परंतु त्या रात्री आम्ही तो भेद सत्यासाठी वापरीत होतो की सोयीसाठी, याची आम्हाला खात्री देता येईना. शिवाय हरल्यास नुकसान आमचे नव्हते. दुसऱ्याच्या भाकरीवर आपला प्रामाणिकपणा चालविणे फार सोपे असते. म्हणून आम्ही निर्णय मामांवर सोपविला; त्यातही थोडी पळवाट होतीच.

मामांना विचार करावा लागला नाही. "लिहा, फादर. रोजच्या चार-पाच. चौदा-पंधरा वर्षं." मग ते म्हणाले, "एकदा खोटं सांगून बघितलं ना दोन हजार दहाला. एकोणीस मिळाले."

त्यांच्या पत्नी चूल फुंकीत होत्या. त्या तेथूनच म्हणाल्या, "आणि बुखारी? ती किती ओढली तेही लिहा म्हणावं. दिवसाला चोवीस तास."

तेच लिहिले गेले. विडी लिहिली, बँकेच्या नोकरीपायी त्रास लपविल्याचे लिहिले, आणि बंकर, बुखारी, महिने व वर्षे हेही तारखांसह लिहिले. २०१७ मध्ये ते दुसरे अपीलही नामंजूर झाले. तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे अर्ज केला. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले हे न्यायाधिकरण २००९ पासून काम करू लागले; त्यापूर्वी सैनिकाला अशा गाऱ्हाण्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागे. सुनावण्यांच्या तारखा पडत गेल्या. रात्रभराच्या प्रवासात मामा बसून झोपत, कारण आडवे झाले की श्वास कोंडे. सरकारी वकिलांनी अपेक्षेप्रमाणे विडी पुढे केली. ती त्यांना आमच्याच कागदात सापडली होती.

जुलै २०१९ मध्ये निकाल लागला. मामांची विडी न्यायाधिकरणाने दृष्टीआड केली नाही, एका वाक्यात तिची दखल घेतली. परंतु आजाराचे कारण विडी आहे असे मंडळाने कधीच म्हटले नव्हते. त्याने काहीच कारण दिले नव्हते, केवळ 'घडणीतला' असा शब्द लिहिला होता. उंचीवरील सेवेत आजार बळावला नाही असे दाखविणारा कागद सरकारकडे नव्हता. सबब आजार सेवेमुळे बळावला असे धरावे आणि अपंगत्व किती ते ठरविण्यासाठी नवे मंडळ बसवावे, असा आदेश झाला.

डिसेंबरात मंडळापुढे जाण्याचा दिवस आला, तेव्हा रुग्णालयाच्या व्हरांड्यात आम्ही मामांना म्हणालो, "आज श्वास लपवायचा नाही हं, मामा."

"नाही. आणि वाढवून पण सांगायचा नाही ना?"

"नाही."

"मग काही बोलतच नाही. फुंकतो तेवढा."

श्वास मोजण्याची रीत साधी असते. छाती भरून श्वास घ्यावयाचा आणि नळीत एकदम सोडावयाचा. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली हे यंत्र नोंदते, आणि त्या वयाच्या व उंचीच्या निरोगी माणसाच्या आकड्याशी तिची तुलना होते. तीनदा फुंकवून घेतात. काचेच्या दारातून आम्हाला मामांची पाठ दिसत होती. पहिल्या खेपेस ते ताठ उभे होते. दुसऱ्या खेपेनंतर त्यांचा हात टेबलाच्या कडेवर आला. तिसऱ्या खेपेनंतर ते कोणी न सांगता खुर्चीवर बसले. अधिकाऱ्यासमोर हुकमाशिवाय बसलेले मामा आम्ही त्याआधी पाहिले नव्हते. आम्ही तोंड फिरविले.

मंडळाने तीस टक्के लिहिले, आणि नियमाप्रमाणे त्याचे पन्नास धरले गेले. शंभर टक्के अपंगत्वास शेवटच्या वेतनाच्या तीस टक्के हा दर होता, म्हणजे मामांच्या वाट्याला पंधरा टक्के आले. रक्कम सप्टेंबर २०२० मध्ये जमा झाली. थकबाकी मात्र अर्जापूर्वीच्या तीन वर्षांचीच मिळाली, कारण अशा उशिराच्या दाव्यांना तेवढीच मर्यादा लावली जाई. २०१० ते २०१४ ही वर्षे गेली ती गेलीच. आमच्या सुंदर इंग्रजीने एक वर्ष खाल्ले नसते तर त्यांतले निदान एक वाचले असते, असे सुभेदारांचे गणित आहे, आणि ते आम्हाला खोडता आलेले नाही.

मंजुरीचा कागद आला तेव्हा पत्नीने आकडा विचारला आणि तो लगेच पाठ केला. मामांनी आकडा ऐकून घेतला; मग म्हणाले, "ते दुसरं वाक्य वाचा, फादर." सेवेमुळे बळावलेला, हे ते वाक्य. आम्ही ते मराठीत सांगितले. त्यांनी पुन्हा सांगावयास लावले. मग तो कागद घडी करून त्यांनी ट्रंकेत ठेवला, आणि त्या जुन्या कागदाखाली नव्हे, वर ठेवला.

२०२१ साली आमची बदली झाली. निघण्यापूर्वीच्या रविवारी आम्ही मिस्सेआधी दाराशी गेलो आणि म्हणालो, "मामा, आज आपल्या जुन्या बाकावर चला. तिसऱ्या."

"नको, फादर," ते म्हणाले. "इथं वारा लागतो. आणि खोकला आला की भाईर जाता येतं. तुमचा उपदेश तुटत नाही."